न फोडता पारख : चाचणी-तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि शेजारी राष्ट्रांचे सहकार्य

उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घ्यावयास गेलेली गृहिणी पुढ्यातला माठ तसाच उचलून घरी आणीत नाही. बोटाच्या पेराने ती तो वाजवून पाहते. नाद खणखणीत आला तर माठ पक्का. आवाज बद्द आला तर कोठेतरी बारीक तडा आहे, हे ती ओळखते. माठ फुटत नाही, परंतु त्याचा दोष मात्र कळतो. रेल्वेच्या डब्यांची चाके हातोडीने ठोकून पाहणारा कामगारही हेच करीत असे. वस्तूची मोडतोड न करता तिच्यातील दोष शोधण्याच्या या विद्येला उद्योगक्षेत्रात ‘अविनाशी चाचणी’ असे म्हणतात.

वडोदऱ्याजवळील कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील नळ, वास्को येथे बांधल्या जाणाऱ्या जहाजांचे सांधे, हैदराबाद येथे तयार होणाऱ्या अणुइंधनाच्या नळ्या या सर्वांची पारख याच विद्येने करावी लागते. या वस्तू कापून पाहिल्या तर त्या निकामी होतील आणि न पाहता वापरल्या तर जीवितास धोका संभवतो.

प्रमुख पाच पद्धती

पहिली पद्धत रंगद्रवाची. स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर रंगीत द्रव लावून पुसला म्हणजे तड्यात शिरलेला द्रव मागे राहतो आणि वर पांढरी पूड पसरताच रेषेच्या रूपाने प्रकट होतो. मात्र पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेला दोष या पद्धतीने दिसत नाही. दुसरी पद्धत चुंबकीय कणांची. ती लोखंडासारख्या चुंबकीय धातूंनाच लागू पडते. तिसऱ्या पद्धतीत क्ष-किरण अथवा इरिडियम-१९२ सारख्या किरणोत्सर्गी द्रव्याचे गॅमा किरण वापरून धातूच्या अंतर्भागाचे छायाचित्र घेतात. चौथ्या पद्धतीत कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी धातूत सोडून त्याचा प्रतिध्वनी तपासतात. पाचव्या पद्धतीत धातूत भोवऱ्याप्रमाणे फिरणारे विद्युत् प्रवाह निर्माण करून त्यांत पडणारा फरक मोजतात. पातळ नळ्यांसाठी ती विशेष उपयुक्त ठरते.

यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्व दोष दाखवीत नाही. पोकळी स्पष्ट दाखविणाऱ्या क्ष-किरणांच्या छायाचित्रातही किरणांच्या दिशेला आडवी असलेली बारीक चीर निसटू शकते. म्हणून कोठे कोणती पद्धत वापरावी आणि मिळालेल्या खुणेचा अर्थ काय लावावा, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते.

एका लहान जोडाची किंमत

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलंड’ नावाचा तरंगता मंच वादळी हवेत उलटला. मंचावरील २१२ माणसांपैकी १२३ जण मृत्यू पावले. चौकशीत आढळले, की मंचाच्या एका आडव्या आधारनळीवर ध्वनिग्राहक उपकरण बसविण्यासाठी केलेल्या वेल्डिंगच्या लहानशा जोडापाशी चिरेचा आरंभ झाला होता. त्या चिरेत रंगाचे अंश सापडले. म्हणजे रंग देण्यापूर्वीच ती तेथे होती. लाटांच्या माऱ्याने ती वाढत गेली आणि अखेर नळी तुटली.

हा मंच फ्रान्समध्ये बांधलेला होता आणि नॉर्वेच्या सागरी क्षेत्रात काम करीत होता. वस्तू एका देशात तयार होते, दुसऱ्या देशात वापरली जाते आणि तिच्यावर तिसऱ्याच देशातील कामगार विश्वासाने उभे राहतात. अशा वेळी तपासणाऱ्याची योग्यता सर्व देशांत एकाच मापाने मोजली जाणे अगत्याचे ठरते.

सहकार्याचा पाया

या कामी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने पुढाकार घेतला. किरणोत्सर्गी द्रव्यांचा उद्योगांतील सुरक्षित उपयोग हा त्या संस्थेच्या कार्याचाच भाग होय. आशिया आणि पॅसिफिक विभागात अशा सहकार्याची परंपरा त्यापूर्वीच सुरू झाली होती. १९६० च्या दशकात भारत, फिलिपीन्स व अभिकरण यांनी न्यूट्रॉनविषयक संयुक्त प्रशिक्षण-कार्यक्रम फिलिपीन्समध्ये चालविला. पुढे १९७२ मध्ये या विभागातील राष्ट्रांचा प्रादेशिक सहकार्य करार अमलात आला. १९८० च्या दशकात त्याच्या औद्योगिक कार्यक्रमात अविनाशी चाचणीच्या प्रशिक्षणाला स्थान मिळाले. लॅटिन अमेरिकेतही त्याच दशकात असा प्रादेशिक कार्यक्रम चालला.

अभिकरणाने १९८७ मध्ये प्रशिक्षणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि १९९१ मध्ये तिच्या पुढची विस्तृत आवृत्ती काढली. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ९७१२ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध झाले. भारतात याच विषयासाठी १३८०५ क्रमांकाचे भारतीय मानक आहे.

सहकार्याचे कारण व्यावहारिक आहे. उपकरणे महाग, अनुभवी शिक्षक थोडे, आणि ज्ञात दोष असलेले परीक्षेचे नमुने तयार करणे कष्टाचे. लहान राष्ट्राला हे सर्व एकट्याने उभारणे जड जाते. शेजाऱ्यांनी अभ्यासक्रम एक ठेवला, शिक्षक व नमुने वाटून घेतले, तर प्रत्येकाचा भार हलका होतो. शिवाय एका ठिकाणचे प्रमाणपत्र दुसऱ्या ठिकाणी ग्राह्य ठरण्याचा मार्ग खुला होतो. परदेशी तेल-उद्योगात काम शोधणाऱ्या आपल्याकडील तरुणांना याचे महत्त्व सांगावयास नको.

तीन श्रेणी

तंत्रज्ञांच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीचा तंत्रज्ञ लेखी सूचनेनुसार, वरिष्ठांच्या देखरेखीखाली चाचणी करतो. दुसऱ्या श्रेणीचा चाचणी करून निष्कर्षाचा अर्थ लावतो. तिसऱ्या श्रेणीचा कार्यपद्धती ठरवितो आणि इतरांच्या कामाची जबाबदारी घेतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार परीक्षेच्या प्रत्येक भागात किमान ७० टक्के गुण लागतात. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि जवळच्या दृष्टीची तपासणी दरवर्षी करावी लागते. डोळा मंदावला, तर उत्तम यंत्रही आंधळे होते.

गुणवत्ता व्यवस्थापनाचे मर्मही येथेच आहे. तपासणीच्या नोंदी जपणे, उपकरणे वेळोवेळी प्रमाणाशी ताडून पाहणे, आणि दोष सांगणाऱ्यावर माल लवकर पाठविण्यासाठी दडपण न आणणे, या तिन्ही गोष्टी सांभाळल्या तरच प्रशिक्षणाचा उपयोग होतो.

शाळेत करून पाहावे

शिक्षकांनी चिनी मातीचे पाच सारखे पेले घ्यावेत; त्यांपैकी एक सूक्ष्म तडा गेलेला असावा. ते पडद्याआड चमच्याने हळूच वाजवून प्रत्येक विद्यार्थ्याला आपला निर्णय स्वतंत्रपणे लिहावयास सांगावे. उत्तरे बहुधा भिन्न येतील. नंतर चांगला व तडकलेला आवाज कसा ओळखावा हे शिकवून, पेल्यांचा क्रम बदलून, प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही वेळची उत्तरे फळ्यावर मांडावीत. ऐकणारे कान तेच, पेलेही तेच. तरीही समान शिक्षणाने निर्णय किती जवळ आले, हे मुलांना स्वतःच मोजता येईल. राष्ट्रांच्या या सहकार्याचा हेतूही तोच आहे.