वनस्पतिजन्य द्रव्ये आणि मूत्राशयाचा कर्करोग

मालाची पारख केवळ नावावरून करणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. तो नमुना पाहतो, कस लावतो, वजन करून घेतो. औषधाच्या बाबतीत मात्र 'झाडपाल्याचेच आहे, अपाय काय होणार?' एवढ्यावर आपण सारे विसंबतो. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या निमित्ताने या समजुतीची छाननी करण्याचे आम्ही योजिले आहे.

मूत्रपिंडे रक्तातील त्याज्य द्रव्ये गाळतात व ती मूत्राबरोबर मूत्राशयात कित्येक तास साठून राहतात. त्यामुळे घातक द्रव्यांचा संपर्क त्याच्या अस्तराशी दीर्घकाळ घडतो. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग आढळल्याचे प्रसिद्ध केले. कृत्रिम रंगांच्या धंद्यातील ज्या अ‍ॅरोमॅटिक अमाइन्समुळे हा रोग होतो असे पुढे ठरले, त्या वर्गातील द्रव्ये तंबाखूच्या धुरातही असतात. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण होय. आणि तंबाखू हीदेखील वनस्पतीच आहे, हे विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू पाहू. अंगणातील सदाफुलीपासून १९५८ मध्ये कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. पेशी दुभंगताना तिच्यात जे सूक्ष्म तंतू तयार व्हावे लागतात, ते हे द्रव्य होऊ देत नाही. परिणामी कर्कपेशींची वाढ खुंटते. १९८५ पासून अन्य तीन औषधांच्या जोडीने ते मूत्राशयाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरात आले. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी उलगडली. यांतील वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉल उलट रीतीने काम करते : तयार झालेले तंतू ते सुटू देत नाही. मात्र ही शुद्ध केलेली व मोजून शिरेवाटे दिलेली औषधे आहेत. सदाफुलीची पाने चावल्याने तो गुण येत नाही. विषबाधा मात्र होऊ शकते.

स्वयंपाकघरातील पदार्थांविषयीही बरेच बोलले जाते. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातील कर्कपेशी मारते, हे खरे. पण पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते. कोबी, मुळा, मोहरी यांच्या वर्गातील आयसोथायोसायनेट द्रव्ये मूत्रावाटे बाहेर पडताना मूत्राशयापर्यंत पोहोचतात, म्हणून संशोधकांचे त्यांकडे लक्ष आहे. अशा भाज्या खाणाऱ्या अमेरिकन पुरुषांत हा रोग कमी आढळल्याचे १९९९ च्या एका पाहणीत दिसले. इतर काही पाहण्यांत मात्र तसे दिसले नाही. तेव्हा हे पदार्थ आहारात अवश्य असावेत. पण उपचाराची जागा त्यांना देऊ नये.

बेल्जियममधील घटना तर व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानी ठेवण्याजोगी आहे. तेथे कृश होण्यासाठी दिलेल्या चूर्णांत नामसादृश्यामुळे एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच वनस्पती पडली. १९९३ मध्ये हा प्रकार उजेडात आला; शंभरांहून अधिक लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे ३९ रुग्णांची शस्त्रक्रियेने काढलेली मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या तपासल्या, तेव्हा १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील ईश्वरमूळ याच कुळातील आहे. काष्ठौषधींचा व्यवहार करणाऱ्या बंधूंनी यावरून बोध घ्यावा. गोणीवरील नावाची चूक येथे हिशेबात दुरुस्त होत नाही.

असो. सारांश एवढाच की, वनस्पतीत तारक द्रव्येही आहेत आणि मारकही. त्यांचा निवाडा कसोटीनेच होतो. विडी-सिगारेट सोडल्यास या रोगाचा धोका हळूहळू उतरतो. यासारखा हाती असलेला दुसरा प्रतिबंधक उपाय नाही. मूत्रात वेदनेवाचून एकदाही रक्त दिसले, आणि ते आपोआप थांबले तरी, संकोच न करता डॉक्टरांकडे जावे व मूत्राची आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. कोणतेही चूर्ण वा काढा चालू असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये. आरंभी सापडलेला हा रोग बहुधा आटोक्यात येतो. काढ्यावर विसंबून गमावलेले महिने मात्र कोणत्याही खात्यावर परत जमा होत नाहीत.