चावायचा ससा

ससा विणायला घेण्याआधी बाळाचं तोंड नीट बघून घे. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दोन दात डोकावायला लागतात. कुणाला चौथ्यातच येतात, कुणाला वर्ष होईतो एकही नाही, आणि दोन्ही ठीकच असतं. हिरड्या शिवशिवतात, लाळेरी बदलून बदलून पुरत नाहीत आणि हाताला लागेल ते तोंडात जातं. दुपट्याचं टोक, तुझं मंगळसूत्र, आजोबांचं बोट, काहीही. तू जे विणून देणार आहेस ते तासन्‌तास चावलं जाणार, ओढलं जाणार, तोंडावर आपटलं जाणार. एवढं मनाशी पक्कं धरलंस की दोरा कुठला, डोळे कसले, कान केवढे हे प्रश्न आपोआप सुटत जातील.

बाळंतविड्यात आपण क्रोशाची टोपडी करतो, मोजे करतो, कुंचीला लेस लावतो. त्या कामात जाळी जितकी नाजूक तितकं कौतुक. इथे मात्र जाळी चालायची नाही. बाळाची बोटं इतकी बारीक असतात की सैल टाक्यात शिरतात, आणि एखादा सुटा धागा बोटाभोवती वेढला गेला तर रक्त अडतं. बोट लाल होऊन सुजेपर्यंत बाळ नुसतं रडत राहतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून वीण घट्ट हवी, अगदी घट्ट.

दोरा शंभर टक्के सुती घे. लोकर कितीही मऊ लागली तरी नको. तिचे तंतू ओले झाले की सुटून जिभेला चिकटतात, आणि ॲक्रिलिकवर तर दोनचार धुण्यांत गोळे येतात. दुकानात ‘मर्सराइज्ड’ म्हणून माग. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला हा सुती दोरा मजबूत असतो, रंग चांगला धरतो आणि त्याला लव कमी असते. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये ही रीत शोधली, त्याचंच नाव अजून दोऱ्याला आहे. आपण रुमालांच्या लेससाठी वीस नि चाळीस नंबरची रिळं वापरतो, ती यासाठी फार बारीक पडतात. दुकानदार ज्याला एट प्लाय म्हणतो तो जाडसर सुती दोरा घे. त्याच्या पट्टीवर चार मिलिमीटरची सुई सांगितलेली असेल, तू अडीचची घे. हात दुखतो, हे खरं. थोडं विणायचं, ठेवायचं, पुन्हा घ्यायचं. विणलेला तुकडा खिडकीसमोर धरून बघ, आणि बोथट पेन्सिलीचं टोक टाक्यांमधून आरपार जात असेल तर उसव.

रंग आधी तपास. प्रत्येक रंगाचा हातभर दोरा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास बुडव आणि मग पांढऱ्या फडक्यात दाबून पिळ. लाल, गडद निळा आणि काळा हे तिघे जास्त दगा देतात. डोळ्यांना लागणारा काळा दोरा टीचभर असतो म्हणून बायका तो तपासत नाहीत, आणि तोच नेमका रंग सोडतो. फडक्यावर डाग आला तर तो दोरा मोठ्यांच्या पिशवीला ठेव. सशाला पांढरा किंवा फिका बदामी सगळ्यात बरा.

आता रिंग. चावायचा खरा भाग हाच, ससा फक्त हातात धरायला आणि बघायला. कडुलिंबाच्या लाकडाच्या गुळगुळीत रिंगा हल्ली तयार मिळतात, बीच नि मेपलच्याही मिळतात. बाहेरून सहा-सात सेंटिमीटर रुंद आणि सुमारे एक सेंटिमीटर जाड असली की बाळाच्या मुठीत बसते. रंग नको, वॉर्निश नको, लाख नको. सावंतवाडीची लाकडी फळं नि खेळणी मला जिवापाड आवडतात, पण ती रंगवलेली असतात, त्यांची जागा तोंडात नाही. ओळखीच्या सुताराकडून करून घेणार असशील तर प्लायवूड आणि एमडीएफला साफ नाही म्हण; त्यात गोंद असतो. शिसवी नि सागवानही टाळ, त्यांच्यातल्या द्रव्यांनी काहींच्या कातडीला खाज सुटते. घरी आणल्यावर रिंग ओल्या फडक्याने पूस आणि वाळू दे. लाकडाची लव उभी राहते, ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढ. मग पुन्हा ओलं फडकं, पुन्हा पॉलिश पेपर. गालावरून फिरवून बघ. बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं. शेवटी खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात दे आणि पुसून टाक. शेंगदाण्याचं किंवा बदामाचं तेल लावू नकोस, काही बाळांना त्यांचं वावडं असतं आणि ते आधी कळायला मार्ग नसतो.

डोकं असं विण. दोऱ्याचा फास करून त्यात सहा मुके खांब घे आणि टोक ओढून मधलं भोक बंद कर. साखळीच्या गोलापासून सुरुवात केलीस तर भोक राहतंच. ओढलेलं टोक शिवायच्या सुईत ओवून त्या गोलातून आणखी दोन फेरे फिरव, नाहीतर चावून चावून ते सैल होतं. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस, असे दर फेरीत सहा वाढव. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेव, आणि काम झाल्यावर तो आठवणीने काढ. छत्तीसच्या सहा फेऱ्या सरळ विणल्यास की घटवायला लाग. तीस, चोवीस. घटवताना दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या उचलून एकत्र कर म्हणजे खड्डा पडत नाही, आणि खड्डा नसला की भोकही नसतं. डोकं साधारण पाच सेंटिमीटरचं होईल. याहून मोठं करायचा मोह आवर. बाळ उताणं पडून खेळणं वर धरतं आणि सोडून देतं, ते नाकावर पडतं.

चोवीसवर थांब. डोळे, नाक सगळं इथेच भरून घे, भराव घालण्याआधी. जपानमध्ये अशा विणलेल्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात आणि हल्लीचे बहुतेक नमुने त्याच नावाखाली मिळतात. त्यांत प्लास्टिकचे डोळे लावायला सांगितलेलं असतं आणि त्यांना ‘सेफ्टी आय’ म्हणतात. नावावर जाऊ नकोस. चावऱ्या बाळासाठी ते सुरक्षित नाहीत, टाका सैल झाला की मागच्या चकतीसकट निघून येतात. मणी नको, बटण नको, टिकली नको, घुंगरू तर नकोच. डोळे दोऱ्याने भर. एकाच जागी चार-पाच आडवे टाके जवळजवळ घेतलेस की छान टपोरा डोळा होतो. त्याची गाठ डोक्याच्या आत राहते, बाळाच्या जिभेला लागत नाही. डोक्याचं तोंड उघडं असताना हे करायचं ते यासाठीच. नाकाला गुलाबी दोऱ्याचे तीन टाके पुरे. मिश्या, शेपटीचा गोंडा, गळ्यातली रिबीन, हे सगळं फोटोसाठी असतं.

आणि कुणीतरी म्हणेलच, दृष्ट लागेल, काळा मणी ओव सशाला. वाद घालू नकोस. काळ्या दोऱ्याने सशाच्या गालावर एक तीट भरून टाक. सगळ्यांचं समाधान होतं आणि सुटणारं काही राहत नाही.

भरावाला कापूस वापरायची आपली सवय आहे, उशीत असतो तो सावरीचा तर घरात पडलेलाच असतो. इथे नको. कापूस पाणी धरून ठेवतो, त्याचे गठ्ठे होतात, आणि आतून कुबट वास यायला लागेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. पॉलिएस्टरचा फायबर घे, तो लवकर वाळतो. दाबून ठासायचा नाही, डोकं पिळता आलं पाहिजे. पुढे अठरा, बारा, सहा, आणि उरलेल्या सहाच्या पुढच्या कड्यांतून दोरा ओवून तोंड आवळून घे.

कान चपटे कर, भराव न घालता. सात-आठ सेंटिमीटर लांब पुरेत. बाळ तेच तोंडात घालणार, त्यामुळे घशापर्यंत पोचतील असे लांबलचक नकोत. हत्ती करायचं तुझ्या मनात असेल, पण या एका कारणाने मी नको म्हणते. सोंड लांब, बारीक आणि नेमकी तोंडाच्या आकाराची होते. ससा, अस्वल, मांजर करावं.

डोकं रिंगला जोडायला दहा टाके रुंदीची पट्टी विण. एक सेंटिमीटर जाड रिंगचा घेर तीन सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो, पट्टी त्याहून किंचित लांब हवी. ती रिंगवरून वळवून तिची दोन्ही टोकं हनुवटीखाली शिव. दोन वेळा फिरून शिव, दर वेळी टाक्याच्या दोन्ही कड्या धरून. मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असल्यामुळे त्याची नुसती गाठ सुटते. म्हणून वीतभर शेपूट ठेव आणि ते डोक्याच्या आतून तीन वेगळ्या दिशांना ओवून मग काप. झालं की दोन्ही हातांनी ओढ. कान ओढ, रिंग ओढ, लाज न बाळगता जोर लाव. तुझ्या हाताने निघालं नाही तर बरं, आणि निघालं तर आत्ता निघालेलं चांगलं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या विकाऊ खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) शिक्का सक्तीचा आहे. घरात केलेलं खेळणं कुणी तपासत नाही, ते तूच तपासायचं. खेळण्यांच्या मानकांत बारीक भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते, तिच्यात जो भाग पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. पोस्टकार्ड गुंडाळून जवळपास सव्वातीन सेंटिमीटरची नळी कर आणि घरातली बाकीची खेळणीही तिच्यातून घालून बघ. डोळे उघडतात. आणि दोरी कसलीही नको. पाळण्याला टांगायला लांब दोरी, गळ्यात अडकवायला गोफ, काहीच नको. दात येताना बरं म्हणून अंबरच्या मण्यांच्या माळा बाळाच्या गळ्यात घालायची टूम निघाली आहे. अमेरिकेत अशा माळेने झोपेत गळा आवळून दीड वर्षाचं मूल गेलं, आणि २०१८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) अशा माळा-कड्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला. आपल्या घरचा ताईत असो नाहीतर काळे मणी असोत, झोपवताना बाळाचा गळा मोकळा पाहिजे. ससासुद्धा पाळण्यात ठेवायचा नाही. कुणीतरी समोर बसलेलं असेल तेव्हाच द्यायचा.

पावसाळ्यात खरी परीक्षा असते. कोकणात तर जुलैमध्ये रुमालसुद्धा वाळत नाही. रिंग हातात वर धरून फक्त डोकं नि कान कोमट पाण्यात सौम्य साबणाने धू, चांगलं खळबळून काढ, पंच्यात गुंडाळून दाब आणि पंख्याखाली रिंगवर टांगून ठेव. रिंग बुडवून ठेवलीस तर फुगते आणि चिरते. ती ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची. डोकं नाकाशी धरून पिळ. दमट वास आला तर तो ससा त्या दिवशी द्यायचा नाही, म्हणून एकाच वेळी दोन कर.

हिरड्या फारच ठणकत असतील तर स्वच्छ ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चघळायला दे. फ्रीजरमध्ये गोठवलेलं काही नको. मध चोळायला सांगणारे भेटतील. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको, त्यातून लहान आतड्यांना झेपणार नाही असा विषारी आजार होऊ शकतो. बधीर करणारी जेलंही आपल्या मनाने लावू नकोस.

आणि एक गोष्ट मी जोर देऊन सांगते. दात येताना ताप येतोच, जुलाब होतातच, असं तुला चार जणी सांगतील. दातांनी चिडचिड होते, लाळ गळते, अंग किंचित कोमट लागतं, एवढंच. आईकडून मिळालेलं संरक्षण याच सुमाराला ओसरत असतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात जात असतं, त्यामुळे खरे आजार नेमके याच दिवसांत होतात. ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला किंवा पातळ शी सुरू झाली तर दातांवर ढकलू नकोस, डॉक्टरकडे ने. दातांच्या नावाखाली वाया घालवलेले दिवस बाळाला सोसत नाहीत.

ससा देण्याआधी रोज त्याच्यावरून बोटं फिरव. टाका सैल झालेला, रिंगला चीर, आतला फायबर दिसतोय, यातलं एक जरी आढळलं तरी तो ससा गेला. डागडुजी करत बसायचं नाही. दाढा यायला लागतात तेव्हा, म्हणजे वर्षाच्या पुढे, चावण्याचा जोर वाढतो आणि एक ससा फार दिवस टिकत नाही. बाळाला तोवर त्याच चेहऱ्याची सवय झालेली असते. तेव्हा दोऱ्याचे दोन गुंडे जास्तीचे आत्ताच घेऊन ठेव, आणि पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघ. नंतर गेलीस तर तोच पांढरासुद्धा जुळत नाही.