अ‍ॅम्प्लिफायरची निवड : वॅटचा हिशेब

घरच्या स्पीकरचा आवाज अपुरा वाटू लागला की जास्त वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. परंतु भिशीचे आठ हजार रुपये अ‍ॅम्प्लिफायरला घालावेत की माझ्या फीसाठी ठेवावेत, असा प्रश्न घरात निघाला आणि ही समजूत तपासून पाहणे मला भाग पडले.

वॅट आणि आवाज ह्यांचे नाते सरळ नाही. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते! २० वॅटच्या जागी ४० वॅट घेणाऱ्याची निराशा होते ती येथे. खरा आकडा स्पीकरचा. एका वॅटला, एक मीटरवर, एक स्पीकर ८४ डेसिबल देत असेल व दुसरा ९०, तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी चौथाई शक्ती पुरते. दुकानात हे कोणी आपण होऊन सांगत नाही, खोक्यावरचा पी. एम. पी. ओ.चा हजारांतला आकडा मात्र मोठ्याने वाचून दाखवतात. तो सोडून द्यावा आणि सलग मिळणारी, आर. एम. एस. शक्ती विचारावी, तीही किती ओहमला, हे विचारावे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, विद्युतप्रवाह वाढतो आणि हलका अ‍ॅम्प्लिफायर तापतो.

मग लहान अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच पुरेल काय? तसेही नाही. कुवतीबाहेर ताणला की तो ध्वनिलहरींचे माथे कापतो, आवाज फाटतो, आणि त्यातून निघणाऱ्या जादा उच्च कंपनांनी ट्वीटर जळू शकतो. १९२७ साली बेल प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ब्लॅक ह्यांनी ऋण प्रतिभरणाची युक्ती काढली. तिच्यामुळे आज साधा अ‍ॅम्प्लिफायरही कुवतीत राहून स्वच्छ वाजतो; तेव्हा महागड्या नावापेक्षा कुवत पाहावी, असे माझे मत आहे.

आमचे वडील पिठाच्या गिरणीवर काम करतात. पट्ट्याच्या घरघरीने त्यांना कमी ऐकू येते, म्हणून संध्याकाळी नाट्यगीते लावली की १५ वॅटचा आमचा अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला जातो. १० डेसिबल वाढवायचे तर १५० वॅट हवेत. तेवढे आमचे स्पीकर सोसणार नाहीत, आणि शेजारी तर नाहीतच. उलट मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात. खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी मिळतात, तरी फुकट मिळतात. वडिलांची खुर्ची तीन मीटरवरून दीड मीटरवर आणली आहे.

तरीही ४० वॅटचा, ४ ओहम सोसणारा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर मी पाहून ठेवला आहे. ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा तोच कानाला गोड वाटतो. मी तानपुरा लावतो. जोडीच्या तारांची आस तुटक आली की तो अ‍ॅम्प्लिफायर बाजूला. तो तीन हजारांत सुटला तर घ्यायचा, नाहीतर पैसे फीकडे, असे वडिलांशी ठरले आहे.