पडद्यावरील दलित स्त्री : एक विचार

बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी यांमुळे आपले कोल्हापूर ‘कलापूर’ म्हणून नावारूपास आले. याच संस्थानात १९२० साली माणगाव परिषद भरली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचे नेते म्हणून गौरविले. परंतु पडद्यावरील दलित स्त्री पाहिली की माणगावचा स्वाभिमान तेथवर पोहोचलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

चित्रपटांत व मालिकांत ती बहुधा मोलकरीण, तमाशातील नर्तकी किंवा अत्याचाराची बळी असते. मालिकेतील घरात देवघर हमखास असते. बुद्धवंदना होणारे घर क्वचितच. शिक्षिका, परिचारिका, सरपंच झालेल्या आमच्या भगिनी तेथे अभावानेच भेटतात. अत्याचार दाखवूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही; सत्य लपविणे ही सम्यक् वाचा नव्हे. पण केवळ सोसणेच दाखविले तर पाहणाऱ्याच्या मनात दया उपजते, आदर नाही. आणि आपली मुलगीही स्वतःला तेवढीच समजू लागते.

उपाय कोणता? सोलापूर जिल्ह्यातील महूदच्या शांताबाई कांबळे १९४२ साली शिक्षिका झाल्या. त्यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यावरील ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनने दाखविली. भूक आणि अस्पृश्यता या कथेत आहेच. पण शिकून उभी राहणारी नाजाही आहे. कारण कथा सांगणारी तीच आहे.

अमेरिकेतही हेच दिसते. हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर मिळाले, ते मोलकरणीच्या भूमिकेसाठी. पुढे १९९१ साली ज्युली डॅश या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ काढला, तेव्हा एका कुटुंबातील स्त्रियांच्या तीन पिढ्या कथेच्या केंद्रस्थानी आल्या.

आपल्याला हे नवे नाही. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी वाहणारी दासी. स्नानाने पाप धुतले जात नाही, हे ती ब्राह्मणाला स्वमुखाने पटवून देते.

म्हणून विहारातील महिला मंडळांनी एखादी मालिका पाहून पुढील प्रश्नांवर चर्चा करावी :

१) या स्त्रीला स्वतःचे नाव व काम आहे काय?
२) तिच्या आयुष्याचा निर्णय कोण घेते?
३) तिची कथा कोणी लिहिली?

अपमानकारक चित्रण आढळल्यास वाहिनीला लेखी कळवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या आजींच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि मुलींच्या हाती लेखणीबरोबर कॅमेराही द्यावा. ‘शिका’ या आदेशात आज हेही येते.

जय भीम! नमो बुद्धाय!