बहुपर्यायी प्रश्नांची रचना

शिष्यवृत्ती परीक्षेपासून नोकरभरतीपर्यंत अनेक निवडी आज बहुपर्यायी प्रश्नांवर अवलंबून असतात. परीक्षकाच्या लहरीस वाव राहू नये, हा या पद्धतीचा एक मूळ हेतू होय. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाची जी चाचणी तयार केली, तिच्यामागेही हाच विचार होता. तथापि परीक्षकाची लहर गेली तरी प्राश्निकाची शिल्लक राहते. सदोष प्रश्नामुळे एका गुणाने शिष्यवृत्ती हुकलेल्या मुलास आपला विचार उत्तरपत्रिकेत मांडता येत नाही. त्याने केवळ एक वर्तुळ काळे केलेले असते.

मूळ प्रश्न स्वयंपूर्ण असावा. पर्याय झाकले तरी जाणकारास उत्तर देता आले पाहिजे. खरा कस लागतो तो चुकीचे पर्याय निवडताना. १/२ + १/३ या बेरजेचे उत्तर ५/६. सोबत २/५, १/६ व २/६ हे पर्याय दिले, तर प्रत्येकामागे एक विशिष्ट चूक उभी असते: अंशात अंश व छेदात छेद मिळवणे, बेरजेऐवजी गुणाकार करणे, आणि छेद समान करून अंश तसेच ठेवणे. विद्यार्थ्याने कोणता पर्याय निवडला यावरून त्याचे कोठे अडले, हे शिक्षकास कळते. असे पर्याय कल्पनेने सुचत नाहीत; ते विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडतात.

याउलट ७१ किंवा १०० असे पर्याय केवळ जागा भरतात. चार पर्यायांचे ४० प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडविले, तर सरासरी १० उत्तरे बरोबर येतात. प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय उघडच निरर्थक असतील, तर तीच संख्या २० होते. चुकीच्या उत्तरास एक तृतीयांश गुण वजा करण्याची पद्धतही मग अंदाजास पुरेसा आळा घालू शकत नाही.

मराठीत लिंगभेदामुळे एक वेगळाच दोष शिरतो. ‘डासांच्या चाव्यामुळे ....... होतो’ या विधानास कावीळ, पटकी, हिवताप व खरूज असे पर्याय दिल्यास आरोग्यशास्त्र न शिकलेला विद्यार्थीही ‘होतो’ या क्रियापदावरून हिवताप निवडील. ‘पुढीलपैकी कोणता रोग डासांमुळे पसरतो?’ असे विचारल्यास हा दोष उरत नाही. बरोबर पर्याय इतरांहून लांबलचक असणे, हाही असाच फितूर होणारा दोष. नकारार्थी प्रश्न शक्यतो टाळावेत. विचारलेच तर ‘नाही’ हा शब्द अधोरेखित करावा. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय बहुधा प्राश्निकाच्या आळसातून येतो.

निबंधलेखन किंवा प्रयोगातील हातोटी या प्रश्नांनी मोजता येत नाही, त्यामुळे शाळेत लेखी उत्तरांना पर्याय नाही.

चाचणी झाल्यावर प्रश्नांचीही तपासणी व्हावी. वर्गातील सर्वाधिक गुणांचे दहा व सर्वांत कमी गुणांचे दहा विद्यार्थी घेऊन प्रत्येक पर्याय कितीजणांनी निवडला, याचा तक्ता करावा. कोणीच न निवडलेला पर्याय पुढील वेळी बदलावा. हुशार विद्यार्थी चुकले आणि इतरांचे बरोबर आले, असे एखाद्या प्रश्नात दिसल्यास मुलांना दोष देण्यापूर्वी उत्तरसूची पुन्हा पाहावी.