धवला ऐकायचा कसा? (लोकगीत रसग्रहण – इयत्ता चौथी व पाचवी)



लोकगीताचं रसग्रहण म्हटलं की आपण मुलांना शब्दार्थ, यमक आणि भावार्थ विचारून मोकळे होतो. पण लोकगीत मुळात गळ्यातलं. ते आधी ऐकायला शिकवायला हवं.

आपल्या पेण-रोह्याकडच्या आगरी-कोळी लग्नात धवले गातात. गाणारी ती धवलारीण. विधी बदलला की धवला बदलतो. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता गळा. हा प्रकार किती जुना? तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीच्या लग्नावर ‘धवळे’ रचले. तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात.

आता उपक्रम बघा. घरच्या लग्नात मोबाईलवर घेतलेलं धवल्याचं रेकॉर्डिंग मिळवा. नसेल तर ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या लावा. तीन वेळा ऐकवा.

१) पहिल्यांदा डोळे मिटून : आवाज किती? ओळ कोण उचलतं, कोण झेलतं?

२) दुसऱ्यांदा बोटाने ठेका धरून : श्वास कुठे घेतला? कोणता शब्द लांबवला? ओळ कमी पडली तिथे ‘गं’, ‘बाई’ घालून चाल कशी सांभाळली?

३) तिसऱ्यांदा गाण्याबाहेरचं : बांगड्या, भांडी, एखाद्या बाळाचं रडणं. मुलं म्हणतील, “बाई, मधे आवाज येतोय!” स्टुडिओत हे आवाज येऊ देत नाहीत. इथे ते आहेत, म्हणूनच कळतं की गाणं माणसांत, कामाच्या गडबडीत चाललंय.

मग मुलांना घरच्या आजीकडे पाठवा. आजीला आधी विचारायचं, रेकॉर्ड करू का? लग्नाशिवाय धवला म्हणायचा नाही असं ती म्हणाली, तर आग्रह नको. लिहिताना तिचा उच्चार तसाच ठेवा. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून पुस्तकातला ‘धवळा’ आपल्याकडे ‘धवला’. तो लाल शाईने दुरुस्त करू नका. आजीचं बोलणं अशुद्ध, असं एकदा मुलाच्या मनात बसलं की ते तिच्याकडे गाणं मागायला जाणार नाही.

हे आत्ताच का करायचं? आता हळदीला डीजे लागतो. जुन्या धवलारणी थकल्यात आणि त्यांचे बरेच धवले कुठेच लिहिलेले नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज आपल्याला ऐकता येतात. आपल्या वर्गाने वर्षाला पाच धवले जमवले तरी पुष्कळ. प्रत्येकाखाली गाणारीचं नाव (तिची परवानगी घेऊन), गाव आणि तारीख नक्की लिहा.