छातीतल्या झडपेचा दाखला

नवी मुंबईतल्या करावे गावात जुन्या घरांत कागदपत्रांची एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे, जमीन घेणाऱ्या सिडकोची पत्रं आणि त्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद असतात. जमीन गेली तरी तिचा कागद जपायचा, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याच घरात कुणाची हृदयाची झडप बदललेली असेल, तर त्या झडपेचा कागद कुठे आहे, हे सांगता येईलच असं नाही. माझ्याही छातीत अशी झडप आहे, म्हणून या विषयावर बोलणं मला भाग वाटतं. माझं म्हणणं एकच आहे. झडपेचं ओळखपत्र, म्हणजे दवाखान्यात ज्याला इम्प्लांट कार्ड म्हणतात ते, फायलीत ठेवायची वस्तू नाही. ते शरीराबरोबर फिरलं पाहिजे.

या कार्डावर असतं तरी काय? झडपेच्या खोक्यात एकाच मजकुराचे काही छोटे स्टिकर येतात. त्यांतला एक ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात, एक बिलाला किंवा सरकारी योजनेच्या दाव्याला जातो आणि एक पेशंटच्या कार्डावर लागतो. त्यावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि मिलिमीटरमधलं माप असतं. झडप मायट्रलच्या जागी बसवली की महाधमनीच्या, ते असतं. खाली ऑपरेशनची तारीख, सर्जन आणि रुग्णालय. पॅनकार्डाएवढ्या जागेत मावणारा हा मजकूर रुक्ष दिसतो, पण त्यातल्या प्रत्येक शब्दावर कुठला ना कुठला निर्णय अवलंबून असतो. झडप यांत्रिक असेल तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, आणि तीही वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमच्या जातीचीच. डॅबिगॅट्रान या नव्या गोळीची यांत्रिक झडपांवरची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत त्या गोळीवर गुठळ्याही जास्त आढळल्या आणि रक्तस्रावही. म्हणजे ‘रक्त पातळ करणारी कुठली तरी गोळी चालू आहे’ एवढी माहिती पुरत नाही. रक्त किती पातळ ठेवायचं ते सांगणारा आयएनआर हा आकडा झडपेच्या जागेवरून ठरतो. आजच्या दोन पाकळ्यांच्या यांत्रिक झडपेला महाधमनीच्या जागी तो सहसा २ ते ३ ठेवतात, मायट्रलच्या जागी २.५ ते ३.५.

माप आणि मॉडेल यांचं महत्त्व त्याहून कमी लक्षात घेतलं जातं. जैविक झडप काही वर्षांनी झिजते. तेव्हा आता पुन्हा छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप जुनीच्या आत बसवता येते. पण स्टिकरवरचं माप आणि झडपेच्या आतला खरा व्यास यांत फरक असतो, आणि तो प्रत्येक मॉडेलला वेगळा. विनायक बापट या हृदयशल्यविशारदांनी लंडनमध्ये काम करताना यासाठी एक ॲप तयार केलं. जुन्या झडपेचं नाव आणि माप घातलं, की आत काय मावेल ते कळतं. नाव आणि माप मात्र आपल्याजवळ हवं. दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, आणि तेव्हापासून ती हजारो भारतीयांच्या छातीत आहे. तिची तबकडी एका खास पॉलिथिलीनची आहे. क्ष-किरणांखाली ती दिसत नाही. यांत्रिक झडप गुठळीने अडकल्याचा संशय आला की डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाकळ्या हलतात का ते पाहतात. चित्रा झडपेत तिथे नुसती कडी दिसेल. झडप कोणती हे आधीच ठाऊक असेल, तर डॉक्टर त्या तपासणीत वेळ न घालवता सोनोग्राफीच्या वाटेने जातील. अडकलेल्या झडपेत तासांना किंमत असते.

उरला अनुक्रमांक. तो कशाला, असं वाटणाऱ्यांनी ब्यॉर्क–शायली झडपेचा इतिहास पाहावा. तिच्या एका प्रकारात तबकडी धरून ठेवणारी तार तुटू लागली. १९८६ मध्ये ती बाजारातून काढली, तोवर जगभरात सुमारे ८६,००० जणांना ती बसवून झाली होती. धोका सगळ्यांना सारखा नव्हता. झडपेचं माप, ती उघडण्याचा कोन, तिचं वेल्डिंग कधी झालं, यांवर तो ठरत होता. काढून टाकण्याचं ऑपरेशनही जोखमीचंच. तेव्हा आपली झडप त्या धोक्याच्या गटात आहे की नाही, हे क्रमांकावाचून कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडचा धडा झडपेचा नाही, खुब्याच्या सांध्याचा आहे. एएसआर नावाचा कृत्रिम सांधा कंपनीने २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. भारतात त्याची सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. केंद्र सरकारच्या समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांतल्या सुमारे ३,६०० पेशंटांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाईची चर्चा सुरू झाली, पण ती ज्यांना द्यायची ती माणसं सापडेनात. नोंद एकाच बाजूला राहिली की असं होतं.

रुग्णालयात फाइल असते ना, हा पहिला आक्षेप. असते, पण किती दिवस? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल पेशंटच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात. यांत्रिक झडप त्याच्या कितीतरी पट टिकते. शिवाय फाइल खाडीपलीकडे असते. सीवूड्स–दारावेहून लोकल धरून आपण ऑपरेशनला परळ किंवा सायनला जातो. पण पाम बीच रोडवर रात्री अपघात झाला, तर १०८ ची रुग्णवाहिका जवळच्या रुग्णालयात नेईल. डोक्याला मार लागलेला, बेशुद्ध माणूस. रक्त पातळ असल्याने मेंदूतला रक्तस्राव थांबवायला औषधाचा परिणाम उलटवावा लागेल, आणि तो उलटवताना झडपेत गुठळी होणार नाही याकडेही डोळा ठेवावा लागेल. रात्री २ वाजता परळच्या रेकॉर्ड रूमला फोन करून ही माहिती मिळत नाही.

छातीवरचा व्रण सांगेलच की, असं काही जण म्हणतात. तसाच व्रण बायपासचाही असतो. यांत्रिक झडपेची टिकटिक कानाला ऐकू येते, हे खरं. पण जैविक झडप गप्प असते, आणि मांडीतून बसवलेलीचा छातीवर व्रणही नसतो. टिकटिकीवरून माप कळत नाही ते निराळंच. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आहे, हे उत्तर त्यापेक्षा बरं. पण कुलूप लावलेला फोन बेशुद्ध माणसाच्या खिशात मुका असतो. फोटो जरूर असावा, आपल्या आणि घरच्यांच्याही फोनमध्ये, पण कार्डाच्या जोडीला.

खरा अडथळा वेगळाच आहे, आणि त्याकडे मला आदराने पाहावंसं वाटतं. झडप बदलली आहे, हे अनेकांना इतरांना कळू द्यायचं नसतं. आपल्याकडे झडपा बिघडण्याचं मोठं कारण संधिवाती ताप. लहानपणी घसा दुखतो, मग सांधे धरतात, आणि काही वर्षांनी मायट्रल झडप आखडते. म्हणून झडप बदललेल्यांत तरुण मुलीही असतात. लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट बाहेर येऊ नये, असं आईला वाटतं. ते समजण्यासारखं आहे, कारण समाज अजून तसाच आहे. पण कोणाला सांगायचं हे ठरवणं वेगळं आणि डॉक्टरपासून लपवणं वेगळं. वॉरफरिन गरोदरपणात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, बाळाला अपाय करू शकतं. ते मनाने बंद केलं तर आईची झडप धोक्यात येते. दिवस राहण्याआधीच हृदयाचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर एकत्र बसायला हवेत, आणि त्यांच्यापुढे ते कार्ड हवं. पर्सच्या आतल्या कप्प्यातलं कार्ड चारचौघांत कुणाला दिसत नाही.

युरोपात २०२१ पासून शरीरात बसवलेल्या उपकरणांसोबत असं कार्ड देणं कायद्याने लागू आहे, ऑस्ट्रेलियात २०१८ पासून. आपल्याकडे झडपा २००५ पासून औषध कायद्याखाली आल्या. तरी कार्ड हातात पडलं की नाही, हे डिस्चार्जच्या दिवशी आपणच पाहायचं. त्यावर स्टिकर चिकटवलेला आहे का, तारीख आणि जागा भरलेली आहे का, नाव आधारकार्डाप्रमाणे आहे का, ते तिथेच उभं राहून वाचावं. कार्ड हरवलं असेल तर आधी डिस्चार्ज कार्ड काढा, त्यावर निदान झडपेचं नाव आणि माप सापडतं. मग रुग्णालयाच्या नोंदी विभागाकडे ऑपरेशनच्या टिपणाची नक्कल लेखी मागा. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी, असं वर सांगितलेल्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर दाव्याच्या कागदांतही स्टिकर सापडू शकतो. क्रमांक हाती आला की कंपनीकडे नवं कार्ड मागता येतं.

कार्डाच्या मागच्या बाजूला, किंवा जोडीच्या चिठ्ठीवर, गोळीचं नाव, डॉक्टरांनी ठरवून दिलेला आयएनआर, रक्तगट आणि घरच्या दोघांचे फोन लिहावेत. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधीच ते दाखवावं, म्हणजे दात काढण्याआधी प्रतिजैविक देता येईल. एमआरआयला जातानाही तेच. आजच्या बहुतेक झडपांना एमआरआय चालतो, पण मशीनवरचा माणूस मॉडेल विचारतो, आणि त्याचं विचारणं बरोबरच आहे. खाडीत होडी घालणाऱ्यांनी कार्ड झिपच्या प्लास्टिक पाकिटात, वरच्या खिशात ठेवावं. खारं पाणी आधी शाईच खातं. झडप दुसऱ्यांदा बदलली तर जुन्या कार्डावर आडवी रेघ मारून त्यावर नव्या ऑपरेशनची तारीख घालावी, आणि ते कागदांच्या पिशवीत भूखंडाच्या कागदांशेजारी ठेवावं. पाकिटात फक्त नवं.